पाच किलो सहाशे चाळीस

माझ्या पोटाखाली एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'पुरावा क्रमांक सात'. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. विजेवर चालणारा, वर स्टीलचे चौकोनी पान, समोर आकड्यांची काळी खिडकी आणि खिडकीच्या बाजूला दोन बटणे. दोन पारड्यांचा तराजू तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याच्यासमोर मी अगदीच बेंगरूळ दिसतो, पण पाच ग्रॅमची चूकही मी कधी केली नाही. चुका माझ्यासमोर खुर्ची टाकून बसणाऱ्यांनी केल्या. त्यांच्याविषयी बोलताना माझी भाषा जरा तिखट होईल. ती गोड करून घेण्याची माझी इच्छा नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासणीस बाई बसत. त्यांनी माझ्यावर पितळी वजने एकेक करून ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. असे आठ वेळा केले. मग माझ्या पाठीला शिशाचा शिक्का मारला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला आहे." लगेच त्यांनी पुढचा काटा ओढला. तेवढे तीन शब्द मी पुढे पुष्कळ वर्षे पुरवून पुरवून वापरले.

माझी नेमणूक एका सरकारी कार्यालयात झाली. खाली टायरचे दुकान, वर आमच्या तीन खोल्या. पोलिसांनी पकडलेला नशेचा माल तिथे येई, माझ्यावर ठेवला जाई, आणि मी दाखवलेला आकडा कागदावर चढून कोर्टात जाई. हा आकडा म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला सांगायला हवे. तिथल्या कायद्यात एक रेघ होती. माल पाच किलोच्या वर असला तर निदान पंधरा वर्षे कैद, त्यात न्यायाधीशालाही हात घालता येत नसे. पाच किलोच्या खाली असला तर दहा वर्षांपर्यंत, किती ते न्यायाधीश ठरवणार. म्हणजे माणसाच्या आयुष्याची पाच-सात वर्षे माझ्या खिडकीतल्या एका आकड्यावर लटकलेली असत.

हे ज्यांना समजत होते अशा फक्त भांडारबाई. मालाचे भांडार त्यांच्या ताब्यात होते म्हणून सगळे त्यांना तसेच म्हणत. सकाळी आल्या की पर्स खुंटीला अडकवायच्या आधी त्या माझे पान पुसत. मग एक किलोचे पितळी वजन ठेवून बघत. मी एक किलो दाखवले की म्हणत, "चला, आज तरी आपण दोघं शुद्धीवर आहोत." माल सुटा असला की त्या आधी रिकामे भांडे ठेवत, शून्याचे बटण दाबत, माझ्या खिडकीत शून्य उमटलेले डोळ्यांनी बघत आणि मगच भांड्यात माल घालत. कुणी घाई केली तर चष्म्यावरून बघत म्हणत, "त्याला पंधरा वर्षं आत बसायचंय. तुम्हाला पाच मिनिटं उभं राहवत नाही?"

माझ्यावर माल ठेवताना तो विकणारे समोर उभे असत. रस्त्यावर ज्यांच्या नजरेला नजर द्यायला लोक घाबरत, ते इथे पापणी न लववता माझ्या आकड्याकडे बघत. एखाद्याच्या ओठांवर देवाचे नाव येई. त्यांची मला कधी दया आली नाही. त्यांच्या पुड्यांतल्या दोन-दोन ग्रॅमनी लोकांची घरे कशी बसतात, ते मी त्या खोलीत रडायला आलेल्या आईबापांकडून ऐकले होते.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. उंच, इस्त्रीचे, बोलायला मिठ्ठास. कामाला मात्र त्यांचे मन कधी चिकटलेच नाही. माझ्यावर ते चहाचा पेला ठेवत. गावाला जायचे असले की आपली बॅग माझ्यावर ठेवून ती विमानात चालेल का ते बघत. मी वीस किलोपर्यंतचा काटा, ते तेवीस किलोची बॅग टाकत आणि वर म्हणत, "हा डबडा काही दाखवत नाही." एकदा त्यांनी अख्खा पेला माझ्या बटणांवर सांडला. दुधासाखरेचा चहा आत झिरपला आणि वाळला. तेव्हापासून शून्याचे बटण दाबले तरी जागचे हलेना. वजन मी अचूक दाखवत होतो. पण ठेवलेले भांडे विसरायला मला कुणी सांगितले, तर ते मला जमेनासे झाले.

भांडारबाईंच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आले. माझी एक वही होती, तिच्यात त्यांनी तारीख घालून लिहिले: 'शून्याचे बटण चालत नाही. दुरुस्ती होईपर्यंत भांड्याचे वजन वेगळे लिहून वजा करावे.' वही घेऊन त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, एवढं वाचून सही करा."

साहेब फोनवर होते. फोन खांद्याने कानाशी धरून त्यांनी सही केली. त्यांचे डोळे वहीवर एकदाही गेले नाहीत.

"वाचलंत ना?" बाईंनी विचारले.

"हो हो, बघतो मी," साहेब म्हणाले.

दुरुस्तीवाला कधीच आला नाही. तीन आठवड्यांनी भांडारबाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझे पान एकदा पुसले. त्यानंतर ते कुणी पुसलेले मला आठवत नाही.

त्यांना जाऊन तीन आठवडे होतात न होतात तोच एका दुपारी साहेबांच्या पथकाने एका गाडीवाल्याला पकडून आणले. तिशीतला माणूस, मेणबत्त्यांच्या कारखान्याची छोटी गाडी चालवणारा. मेणबत्त्यांच्या खोक्यांखाली खाकी टेपमध्ये गुंडाळलेले पंधरा पुडे सापडले होते. माझ्यासमोर उभा राहून तो सारखा एकच वाक्य बोलत होता, "मी फक्त गाडी चालवतो, मला काही माहीत नाही." खोटे बोलत होता. ज्याला खरेच माहीत नसते तो पुड्यांकडे बघतो. हा पुडे सोडून सगळीकडे बघत होता.

पुडे गोल होते, माझ्या पानावरून घरंगळू लागले. साहेब वैतागले. त्यांनी कोपऱ्यातला खोल पत्र्याचा ट्रे उचलला, माझ्यावर ठेवला आणि त्यात सगळे पुडे ओतले. मी माझे काम केले. खिडकीत दाखवले: पाच किलो सहाशे चाळीस. शिपायाने फोटो काढला.

"पाचच्या वर," साहेब म्हणाले. "गेला हा आता."

त्या ट्रेचे वजन नऊशे दहा ग्रॅम होते. म्हणजे माल होता चार किलो सातशे तीस. रेघेच्या खाली. कागदावर मात्र साहेबांनी झोकदार अक्षरात लिहिले, 'एकूण माल पाच किलो सहाशे चाळीस ग्रॅम'.

साहेबांनी हे मुद्दाम केले असते तर मला त्यांचा राग आला असता. दुष्टाव्यालासुद्धा थोडे लक्ष द्यावे लागते. त्यांनी मुद्दाम काहीच केले नाही. ट्रेलाही वजन असते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही, कारण त्यांचे डोके संध्याकाळी जायच्या कुठल्याशा समारंभाकडे लागले होते. अशा माणसाचा राग येत नाही, मित्रांनो. किळस येते.

वर्षभराने साहेबांच्या फोनवरच्या गप्पांतून मला खटल्याचा निकाल कळला. गाडीवाल्याला पंधरा वर्षे लागली होती. "त्याच्या वकिलानं वजनावर एक प्रश्न विचारला नाही रे," साहेब हसत सांगत होते. "सगळा वेळ आपलं, माझा अशील गरीब, माझा अशील सज्जन." तो वकील मी पुढे कोर्टात पाहिला. चकचकीत बूट आणि रिकामी बॅग. फाईल उघडून फोटो बघण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते. अशिलाला खोटे बोलायला शिकवले, ते खोटेही धड बोलता आले नाही, आणि दोघे मिळून तोंडावर आपटले.

साहेबांना मात्र प्रशस्तिपत्र मिळाले. ते चौकटीत घालून माझ्या बरोबर वर भिंतीला टांगले. पुढे कार्यालयात नवा काटा आला आणि मला वहीसकट सुतळीने बांधून कपाटाखाली सरकवले. तो नऊशे दहा ग्रॅमचा ट्रेही माझ्याशेजारी येऊन पडला. तिथे आम्ही तीन वर्षे पडून राहिलो. झाडूवाली यायची ती आमच्या कडेकडेने झाडून जायची.

एके दिवशी वरच्या कोर्टाचा हुकूम आला: जप्तीच्या वेळी वापरलेला काटा, ट्रे आणि काट्याची वही हजर करावी. साहेबांनी आम्हाला बाहेर ओढले आणि तसेच पाठवून दिले. वही त्यांनी उघडूनही पाहिली नाही. जी वही सही करताना वाचली नाही, ती पाठवताना कशाला वाचतील?

कोर्टात मला चिठ्ठी चिकटवून एका बाजूच्या खोलीत ठेवले. तिथे दोन बायका माझ्याजवळच्या बाकावर येऊन बसल्या. एक पिकल्या केसांच्या, काळ्या कोटातल्या, त्या वकीलबाई. दुसरी चाळिशीची, हातांची बोटे पाण्याने पांढुरकी पडलेली. ती गाडीवाल्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो.

ताई कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी तिथे किलोवर येत. चादरींची ट्रॉली काट्यावर चढवायची, ट्रॉलीचे वजन वजा करायचे आणि उरलेला आकडा लिहायचा, हे तिचे अकरा वर्षांचे काम. भावाला शिक्षा झाल्यावर पहिले वर्षभर ती त्याला भेटायलाही गेली नाही. त्याची पाच वर्षांची मुलगी तिने आपल्या घरी आणली, एवढेच. मग एकदा मुलीने विचारले, "बाबा येतील तेव्हा मी केवढी असेन?" ताईने बोटांवर मोजले. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या वकिलाकडून फाईल आणली. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून ती पान पान वाचत गेली, आणि अकराव्या दिवशी माझ्या फोटोपाशी थांबली.

हे सगळे मी त्या बाकावरच्या बोलण्यातून ऐकले. वकीलबाई तिला पहिल्या भेटीची आठवण देत होत्या.

"तुम्ही दारातूनच विचारलंत, 'ह्यातला ट्रे कुणी वजा केलाय?' मला आधी वाटलं, ह्या बाई चुकीच्या ऑफिसात आल्या."

ताई हसली नाही. "आमच्याकडे ट्रॉली वजा करायची राहिली तर संध्याकाळपर्यंत दवाखान्याचा फोन येतो," ती म्हणाली. "चादरींसाठी. इथे माणूस होता."

"आत गेल्यावर मी काय मागणार आहे ते लक्षात आहे ना? तो सुटणार नाही. फक्त शिक्षा किती, एवढंच."

"तेवढंच मागा. तो निर्दोष आहे असं मात्र कोर्टात म्हणू नका."

"का?"

"मला तिथे बसायचंय. खाली मान घालून बसावं लागेल."

वकीलबाईंनी फाईल मिटली. मित्रांनो, त्या कोर्टाच्या इमारतीत मी अनेक माणसे पाहिली. आदर वाटावा अशी, ही दोन वाक्ये बोलणारी ताई तेवढी एकच.

सुनावणीला मला न्यायमूर्तींसमोरच्या टेबलावर ठेवले आणि वायर लावली. तीन वर्षांनी अंगात वीज आली. समोर कठड्यात गाडीवाला उभा होता. चांगला वाळला होता, पण नजर तशीच, सगळीकडे फिरणारी. न्यायमूर्ती वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी साहेबांना पुढे बोलावले.

"ट्रे वजा कसा केला?"

"आधी रिकामा ट्रे ठेवला. शून्याचं बटण दाबलं. शून्य आलं, मग माल ठेवला."

"नक्की आठवतं?"

"अगदी स्पष्ट आठवतं."

काय सफाईने बोलले. मला चहाचा तो पेला आठवला.

न्यायमूर्ती खुर्चीवरून उठले, पायऱ्या उतरून माझ्यापाशी आले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावर रिकामा ट्रे ठेवला. मी दाखवले: नऊशे दहा. त्यांनी शून्याचे बटण दाबले. नऊशे दहा. अंगठ्याने जोर देऊन दाबले. नऊशे दहा. मग रुमालात शिंकले आणि म्हणाले, "मला तरी शून्य येत नाहीये."

सरकारी वकील घाईने उभे राहिले. "काटा जुना आहे. मधल्या वर्षांत बटण बिघडलं असेल. जप्तीच्या दिवशी ते बिघडलेलं होतं असं कशावरून?"

साहेबांचा चेहरा उजळला. आपल्याला आधी हे का नाही सुचले, अशी हळहळ त्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

वकीलबाईंनी माझ्या अंगाला बांधलेली वही सोडवली. पाने उलटून एक पान न्यायमूर्तींपुढे धरले. त्यांनी ते मोठ्याने वाचले. भांडारबाईंचे ठसठशीत अक्षर, तारीख, आणि खाली सही. जप्तीच्या आधी सहा आठवडे.

"ही सही कुणाची?" न्यायमूर्तींनी विचारले.

साहेबांनी वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. "माझीच दिसते."

"वाचून केली होती, की न वाचता?"

साहेब शर्टाची बाही सारखी करू लागले.

"दोन्हीपैकी कुठलंही उत्तर चालेल," न्यायमूर्ती म्हणाले. "वाचून केली असेल तर आत्ता तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. न वाचता केली असेल तर तेव्हा तुम्ही सहीपुरतेच हजर होता. तुम्हाला कुठलं सोयीचं आहे?"

"न वाचता," साहेब म्हणाले. इतक्या हळू आवाजात की लिहून घेणाऱ्या बाईंनी त्यांना पुन्हा बोलायला लावले. "न वाचता," त्यांनी पुन्हा सांगितले.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. तोवर मी त्याच टेबलाच्या कोपऱ्यात होतो. न्यायमूर्तींनी निकाल वाचला. माल चार किलो सातशे तीस ग्रॅमच धरावा लागेल, तेव्हा पंधरा वर्षांची शिक्षा टिकत नाही. मात्र गुन्हा शाबीत आहे, आणि आपण काय नेतो हे आरोपीला माहीत होते. शिक्षा नऊ वर्षे. भोगलेली चार त्यातून वजा.

पोलीस गाडी यायला वेळ होता. ताईला भावापाशी दोन मिनिटे उभे राहू दिले. मला वाटले, हा आता तिचे पाय धरेल.

"नऊ?" तो म्हणाला. "म्हणजे अजून पाच. ताई, वकीलबाईंना सांग ना, अजून वर जाता येईल. मी फक्त गाडी चालवली होती गं."

ताईने पदर वगैरे डोळ्यांना लावला नाही. ती त्याच्याकडे सरळ बघत राहिली.

"रोज सकाळी पोरीला गाडीत घालून शाळेत सोडायचास," ती म्हणाली. "पकडला गेलास त्या दिवशी नाही नेलंस. रडत होती, तरी तिला माझ्याकडे टाकून गेलास. का?"

पहिल्यांदाच त्याची नजर एका जागी थांबली, त्याच्या स्वतःच्या चपलांवर.

"सहा वर्षं तुझी नव्हती, ती मी परत आणली. ही नऊ तुझी आहेत. ती मी कुठे घेऊन जाऊ?"

मग तिने पिशवीतून एक कागद काढून त्याच्या हातात दिला. मुलीने लिहिलेला होता. "वाच," ती म्हणाली, "आणि उत्तर लिही. शुद्ध लिही, ती चुका काढते." एवढे बोलून ती कामावर निघून गेली, कारण तिची दुपारची पाळी होती.

साहेबांची बदली झाली. शिक्षा म्हणून झाली म्हणतात, पण नव्या जागी त्यांना मोठी खोली मिळाली असेही ऐकतो. भिंतीवरचे प्रशस्तिपत्र त्यांनी सोबत नेले. चकचकीत बुटांचा वकील याच इमारतीत रोज दिसतो, परवा तो एका म्हाताऱ्या बापाला सांगत होता, "काळजी करू नका, मी बसलोय ना." आणि मी इथे पुराव्यांच्या खोलीत एका फळीवर आहे. माझे बटण अजून तसेच आहे. पुरावा दुरुस्त करायचा नसतो म्हणे.

माझी कीव करू नका, मित्रांनो. माझ्यावर धूळ बसली तर मला काही होत नाही, ज्याचे वजन व्हायचे त्याला होते. उद्या तुमच्यापैकी कुणी खुर्चीवर बसेल, कुणाच्या हाती सही येईल, कुणाच्या हाती काटा. तेव्हा हाताखालचे यंत्र पुसा, बिघडले तर दुरुस्त करून घ्या, आणि कुणी कागद पुढे केला तर सही करण्याआधी तो वाचा. माझ्यासारख्यावर काहीही ठेवण्यापूर्वी रिकामा असताना मी काय दाखवतो ते बघा. त्याला दोन सेकंद लागतात. त्या माणसापाशी तेवढी दोन सेकंदे नव्हती, आणि दुसऱ्याची सहा वर्षे त्याने सहज खर्चाला टाकली होती.